तीन भोकांचा सॉकेट म्हणजे अर्थिंग नव्हे

जुन्या नाशकातल्या वाड्यांत, पंचवटीतल्या जुन्या घरांत सॉकेटला वरचं मोठं भोक असतं, पण त्यामागे अनेकदा अर्थिंगची हिरवी वायरच नसते. कुठे ती न्यूट्रललाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरलाच, जोडून टाकलेली असते, आणि हे जास्त घातक: न्यूट्रल तुटला की गिझरचा, फ्रिजचा पत्राच शॉक देतो. नळाच्या पाइपला अर्थिंग देऊ नका. पाइप आता बहुतेक प्लास्टिकचे.

‘एमसीबी आहे की!’ यावरही विसंबू नका. तो बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच; जादा लोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला बसणाऱ्या शॉकला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्याच. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. पडली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.