ऑनलाइन खरेदीत फसगत झाल्यास पुरावा कसा जपावा आणि आपल्याच जिल्ह्यात दाद कशी मागावी

मृगाच्या तोंडावर बॅटरीवरचा फवारणी पंप, मोटारीचा स्टार्टर किंवा ठिबकचे सुटे भाग मोबाइलवरून मागवणे आता परतूर, कळमनुरी किंवा उदगीरच्या शेतकऱ्याला नवे राहिलेले नाही. वस्तू सदोष निघाली, की मात्र कंपनी एका राज्यातली आणि विक्रेता दुसऱ्या राज्यातला, मग भांडायचे कुठे, असे म्हणून बहुतेक जण नुकसान सोसून गप्प बसतात. वास्तविक ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे पोटापाण्याचे काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. 1986 च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले, तरी परतूरच्या ग्राहकाला जालन्याच्या आयोगातच दाद मागता येते. अर्थात तिथे तक्रार टिकते ती कागदपत्रांच्या बळावर, आणि ती जमवायला वस्तू मागवण्यापूर्वीच सुरुवात करावी लागते.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 ने काही माहिती पडद्यावर दाखवणे बंधनकारक केले आहे. त्यात ई-कॉमर्स कंपनीचे कायदेशीर नाव व पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क, विक्रेत्याचे नाव व पत्ता, सर्व शुल्कांसह एकूण किंमत, वस्तूचा मूळ देश, तसेच परतावा व वॉरंटीच्या अटी येतात. ही माहिती कधीही बदलली जाऊ शकते, म्हणून पैसे भरण्याआधी वस्तूच्या पानाचे वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट घ्यावेत. ‘एकदा चार्ज केल्यावर दिवसभर चालणारा’ असे जे वाक्य वाचून आपण पंप पसंत केला, ते वाक्य त्यात स्पष्ट दिसले पाहिजे, कारण पुढे सारा वाद त्याच वाक्यावर होणार असतो. विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवले, की त्याचा पत्ता उघडतो. तो उघडत नसेल किंवा अर्धवट असेल, तर खरेदी न केलेली बरी.

पैसे भरण्याच्या पानावर क्षणभर थांबावे. आपण न मागितलेला विमा किंवा देणगी यादीत आपोआप घुसली आहे काय, आणि सुरुवातीला दाखवलेली किंमत शेवटी वाढली आहे काय, हे पाहावे. अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवणेही नियमांना धरून नाही. हे प्राधिकरण कंपनीवर कारवाई करू शकते, मात्र आपली वैयक्तिक भरपाई तिथून मिळत नाही. त्यासाठी आयोगाकडेच जावे लागते.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढावा. त्यात आधी वेष्टनावरील पत्त्याची चिठ्ठी आणि मग वस्तूवरील अनुक्रमांक दिसू द्यावा. बिल, पैसे भरल्याचा संदेश आणि कुरिअरचा तपशील एका ठिकाणी ठेवावा.

दोष आढळला, की ग्राहक सेवा क्रमांकावर बोलत बसण्यापेक्षा तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा. मजकूर साधा असावा: ‘अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकाने घेतलेला पंप तासाभरातच बंद पडतो. जाहिरातीत तो दिवसभर चालतो असे नमूद होते. स्क्रीनशॉट व व्हिडिओ सोबत जोडले आहेत. रक्कम परत करावी आणि विक्रेत्याचा संपूर्ण पत्ता कळवावा.’ यातील शेवटची मागणी फार महत्त्वाची आहे. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याचा पत्ता व ईमेल देणे कंपनीवर बंधनकारक असते, आणि त्या पत्त्याशिवाय आयोगाची नोटीस बजावता येत नाही. अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढावी, असा नियम आहे. तक्रारीला मिळालेला क्रमांक जपून ठेवावा. ‘परत करण्याची मुदत संपली’ हे उत्तर अखेरचे मानू नये, कारण सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे याच नियमांत स्पष्ट म्हटले आहे.

त्यानेही भागले नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करते, तिचे म्हणणे कंपनीवर बंधनकारक नसते, तरीही पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात. मात्र बनावट संकेतस्थळावर पैसेच लुबाडले गेले असतील, तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा आयोग. वस्तूसाठी 50 लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेली प्रकरणे तिथे चालतात आणि 5 लाखांपर्यंत कोणतेही शुल्क लागत नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ती ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही दाखल होते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीत कंपनी व विक्रेता या दोघांनाही गैरअर्जदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे, म्हणजे त्यांना एकमेकांकडे बोट दाखवून सुटता येत नाही. सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे, तसेच रक्कम, नुकसान, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांची मागणी स्वतंत्रपणे मांडावी. पंप शेतीच्या व्यवसायासाठी घेतला, म्हणून तक्रारदार ग्राहकच नव्हे, अशी हरकत घेतली जाण्याची शक्यता असते. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूतून वगळली आहे, आणि बियाणे घेणारा शेतकरी ग्राहकच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात मान्य केले आहे. हे दोन्ही मुद्दे मूळ तक्रारीतच लिहून टाकावेत.

निकाल विरोधात गेला, तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. निकाल बाजूने लागूनही कंपनीने पैसे दिले नाहीत, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करावा. आदेश न पाळणाऱ्याला कलम 72 नुसार एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किमान 25 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.