गोल्डफिशच्या टाकीतलं पाणी तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधाळ: माझा अनुभव

टाकी ४ × १.५ × २ फूट, काठोकाठ ३४० लिटर, आत सहा गोल्डफिश. पाणी बदललं की दोन दिवस चकाचक. तिसऱ्या दिवशी पातळ ताकासारखं, आणि मासे वर येऊन तोंडं वासायचे.

जास्त पाणी बदललं, गढूळपणा घालवणारं औषध टाकलं, टाकीच्या वर बसणारा दुसरा टॉप फिल्टर लावला. तीन महिने नुसत्या बादल्या वाहिल्या. टेस्ट किटवर अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, निघाला तेव्हा कळलं: दर रविवारी मी फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र धूत होतो, आणि क्लोरीनने अमोनिया पचवणारे जिवाणूच मरत होते.

मग कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घेतला. ताशी प्रवाह टाकीच्या चौपट धरला, म्हणजे १३६० लिटर. पण खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो, आत स्पंज वगैरे भरला की प्रवाह घटतो, म्हणून २००० चा घेतला.

यात पाणी खालून वर चढतं. म्हणून तळाला जाड स्पंज, मधल्या दोन ट्रेंत सिरॅमिक रिंग (जिवाणूंना राहायला सच्छिद्र कडी), सर्वात वर फिल्टर वूल (बारीक गाळ अडवणारा कापसासारखा थर). जुना स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला आणि तो जिवाणूंनी भरलेला काळपट गाळ रिंगांवर ओतला. (हे टाळू नका, खरं काम त्यानेच केलं.) जुना फिल्टर सहा आठवडे सोबत चालू ठेवला. खाणं निम्मं, दिवसाआड २० टक्के पाणी काढून क्लोरीन घालवलेलं पाणी भरलं. एकोणिसाव्या दिवशी अमोनिया शून्य.

आता स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळतो. वीज चार-पाच तास गेली, तर कॅनिस्टर सुरू करण्याआधी आतलं कुबट पाणी ओतून देतो.