होर्डिंग बघून भुलायचं नसेल तर हे करा

पर्वरीहून पणजीला येताना जी होर्डिंग्ज दिसतात ना, त्यातलं एक घ्या आणि त्यातली बाई नाहीतर सिक्स पॅकवाला बाबा मनातल्या मनात पुसून टाका (गाडी तुम्ही चालवत असाल तर राहू दे!), मग उरलं काय ते वाचा. किंमत, वजन, गॅरंटी काहीच नाही? म्हणजे वस्तूबद्दल सांगण्यासारखं फारसं नाहीये. 1975 च्या लिरिलच्या जाहिरातीत धबधब्याखाली बिकिनीतली मुलगी नाचायची, साबणात काय आहे ते कोण विचारतंय, ताजेपणा तेवढा डोक्यात बसला आणि खरं सांगू, जाहिरात म्हणून भारीच होती ती.

मग चेहरा बघा. क्रिकेटर बॅटबद्दल बोलला तर ऐका, पण तोच सिमेंटबद्दल बोलायला लागला की पैसे घेऊन बोलतोय एवढं धरून चाला. 2019 च्या ग्राहक कायद्यात फसव्या जाहिरातीसाठी सेलिब्रिटीलाही 10 लाखांपर्यंत दंड आहे, फक्त त्याने आधी नीट चौकशी केली असेल तर तो सुटतो.

आणि दारूच्या ब्रँडच्या नावाचा सोडा, ती सोड्याच्या आडून दारूचीच जाहिरात, हे गोंयकाराला काय सांगायचं. दावा खोटा वाटला तर फोटो काढा, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.