मार्चचा रकाना: मसाल्याच्या उद्योगाचा प्रकल्प अहवाल लिहिताना

बँकेच्या कर्जासाठीचा माझा पहिला प्रकल्प अहवाल बावीस पानांचा होता आणि त्यातील अठरा पाने मी स्वतः कधी नीट वाचलेली नव्हती. एका सल्लागाराने तयार नमुन्यात माझे नाव घालून तो करून दिला होता. भांडुपला भाड्याने गाळा घेऊन मालवणी मसाला, गोडा मसाला, मिरचीपूड आणि थालीपिठाची भाजणी करायची, एवढेच माझ्या डोक्यात स्पष्ट होते. बँकेतील अधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत कच्च्या मालाच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "मॅडम, एक किलो मिरचीची एक किलोच पूड कशी होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात लालबागहून दहा किलो ब्याडगी आणली, देठ काढले, गच्चीवर वाळवली, कांडून घेतली आणि प्रत्येक टप्प्यावर वजन केले. शेवटी हाती आठ किलो आठशे ग्रॅम पूड आली. ही घट धरताच किलोमागचा माझा नफा जवळजवळ निम्मा झाला. तेव्हापासून मी कागदावरच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो कोठून आला हे लिहिते: यंत्राची किंमत कोटेशनवरून, भाडे आणि डिपॉझिट करारावरून, विजेचा खर्च यंत्राच्या अश्वशक्तीवरून. बाजारपेठेच्या प्रकरणात तर "मुंबईत मसाल्याला मोठी मागणी आहे" एवढेच वाक्य होते, जे वाचून कोणीही कर्ज देणार नाही.

अनुदानाबाबतही माझा गैरसमज होता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातील महिलेला प्रकल्प खर्चाच्या 5 टक्के स्वतःचा वाटा आणि 25 टक्के अनुदान असते. परंतु ती रक्कम हातात पडत नाही. ती तीन वर्षे बँकेत आपल्या नावे ठेव म्हणून राहते, तिच्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही, आणि उद्योग नीट चालू असल्याचे दिसले की ती कर्जात वळती होते. मी ती पहिल्या वर्षाच्या जमेत धरली होती.

खरा उपयोग झाला तो महिनावार रोख पत्रकाचा, म्हणजे कोणत्या महिन्यात किती पैसे येतील आणि किती जातील याच्या तक्त्याचा, आणि नवख्या माणसाने सर्वांत जास्त वेळ त्याला द्यावा असे माझे मत आहे. नफा-तोटा पत्रक वर्षाचा हिशेब एका ओळीत गुंडाळते. मसाल्याचा धंदा मात्र वर्षभर सारखा चालत नाही. नवी मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी येते, पावसाच्या आत ती वाळवून कांडून घ्यावी लागते, आणि तिचे पैसे पुढे दिवाळीपर्यंत थोडेथोडे परत येतात. लहान उद्योगाचे खेळते भांडवल बँका बहुधा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राने काढतात: अपेक्षित वार्षिक विक्रीच्या 25 टक्के गरज, त्यात विक्रीच्या 20 टक्के बँकेचे आणि 5 टक्के उद्योजकाचे. माझ्या 24 लाखांच्या अंदाजित विक्रीवर हे 6 लाख होत होते. पत्रकाच्या मार्चच्या रकान्यात मात्र एकट्या मिरची-धण्यांचे साडेसात लाख दिसत होते आणि खालची शिल्लक उणे होती. म्हणून मी निम्मीच खरेदी हंगामात करायची आणि उरलेली व्यापाऱ्याकडून किंचित चढ्या भावाने पुढे घ्यायची असे ठरवले. नफा थोडा घटला, पण पगार अडले नाहीत.

उधारीच्या रकान्यातही मी चुकले होते. पंधरा दिवसांत पैसे देतो म्हणणाऱ्या एका मोठ्या दुकानदाराने नव्वदाव्या दिवशी धनादेश दिला. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळावेत, असे 2006 चा कायदा सांगतो, त्यामुळे आपला उद्योग त्यात मोडतो हे दाखवायला आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक असतो. तरीही पत्रकात मी साठ दिवसच धरते, कारण कायद्याची मुदत संपली म्हणून गल्ल्यात पैसे आपोआप येत नाहीत.

आता तो अहवाल सात पानांचा आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला मी अंदाजाच्या आकड्याखाली शिसपेन्सिलीने प्रत्यक्ष आकडा लिहिते. गेल्या वर्षी मेमध्ये भाजणीच्या ओळीत अंदाजाच्या तिप्पट विक्री उतरली, तेव्हा पुढच्या वर्षासाठी यंत्रावरची मिरचीची एक पाळी कमी करून ती भाजणीला दिली.