परक्या सरकारचा पैसा आपल्या कंपनीत: तक्ता कसा वाचायचा

माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, आखातातल्या सरकारी फंडाने एका कंपनीत पैसे घातलेत, मीही तिचे शेअर घेऊ का?" मी विचारलं, "पैसे कंपनीच्या तिजोरीत गेले की जुन्या भागधारकाच्या खिशात?" ते त्याने पाहिलंच नव्हतं. सुरुवात इथूनच करा.

२०२० मध्ये सौदीच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाने ११,३६७ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा २.३२ टक्के हिस्सा घेतला. तिथे नवे शेअर निघाले, पैसा कंपनीकडे आला. सिंगापूर सरकारच्या टेमासेकने २०२३ मध्ये मणिपाल हॉस्पिटल्समधला हिस्सा ५९ टक्क्यांवर नेला, तो मात्र जुन्या भागधारकांकडून विकत घेऊन. बातमीचा मथळा दोन्हींचा सारखाच असतो, म्हणून कंपनीने शेअर बाजाराला दिलेलं पत्र वाचा.

कंपनी बाजारात नोंदलेली असेल तर बीएसईच्या संकेतस्थळावर तिचा शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती हिस्सा आहे याचा तक्ता, उघडा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत तो द्यावाच लागतो. त्यात 'पब्लिक'चा, म्हणजे प्रवर्तक सोडून बाकीच्या भागधारकांचा, तक्ता उघडा. 'सॉव्हरिन वेल्थ फंड' (सरकारी मालकीचा गुंतवणूक फंड) अशी वेगळी ओळ असते. तिथे शून्य दिसलं म्हणून पान बंद करू नका! खाली परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदार (बाहेरून येऊन बाजारात शेअर घेणारे), वर्ग १ मध्ये बघा. बऱ्याचदा 'गव्हर्न्मेंट ऑफ सिंगापूर' तिथेच सापडतं. अबू धाबीचा फंड तर नावाला वेगवेगळ्या शेपट्या लावून येतो. 'अबू धाबी इन्व्हेस्टमेंट अथॉरिटी - मॉन्सून' हे त्यातलंच एक नाव. मी पेन्सिलीने सगळी नावं जुळवून बेरीज करते.

दोन आकडे लक्षात ठेवा. १ टक्का किंवा जास्त हिस्सा असेल तरच तक्त्यात नाव छापतात. म्हणजे पुढच्या तिमाहीत नाव गायब झालं तर फंड पळाला असं नाही, हिस्सा १.०२ वरून ०.९८ झाला असेल. आणि पोर्टफोलिओ मार्गाने १० टक्क्यांच्या आतच राहावं लागतं, त्यापुढे ती थेट परकीय गुंतवणूक.

करसवलतीचं थोडक्यात: १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १०(२३एफई) ची सूट अशा फंडांच्या पायाभूत सुविधांमधल्या गुंतवणुकीसाठी आणली गेली आणि किमान ३ वर्षं पैसा ठेवावा लागतो. त्यामुळे रस्ते, वीजवाहिन्यांमध्ये आलेला पैसा सहसा लगेच निघत नाही.

एक टक्क्याखालचं पाहायचं तर नॉर्वेचा सरकारी फंड वर्षाअखेरीस असलेली प्रत्येक कंपनीतली आपली गुंतवणूक संकेतस्थळावर जाहीर करतो. त्यात 'इंडिया' निवडा आणि कंपनीचं नाव शोधा.