बस वाडीत आली, आता पुढे?

कोकण किनारपट्टीवर बसचं वेड ठरवून लागत नाही. आंब्याच्या पेट्या भिजू नयेत म्हणून कुणी शाळेची जुनी बस बागेत आणून उभी करतो. हंगामात राखणदार तिच्यात झोपायला लागतात, मग एक पंखा लागतो. मे महिन्यात मुंबईहून आलेली पोरं घर सोडून तिथेच मुक्काम ठोकतात, आणि जुलैत मालक डोक्यावर छत्री धरून बसखाली वाकून गंज कुठवर आला ते बघत असतो. तो माणूस कामातून गेला म्हणायचं. बस निवडण्यापासून तिचं राहतं घर करेपर्यंत त्याने काय करावं, ते इथे लिहिलं आहे.

चालती की उभी?

आधी हे ठरवा. चालत्या बसला आरटीओ, वजन, ब्रेक आणि लांबी सांभाळावी लागते. उभ्या बसला जमीन, पाया आणि छप्पर. दोन्हीची सोय एकाच बसमध्ये करायला जाल तर दोन्हींचा खर्च होतो आणि एकही काम नीट होत नाही.

लाल एसटीचा मोह बहुतेकांना असतो. पण १५ वर्षं झालेल्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढत नाही, आणि अशा गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडायच्या आहेत. म्हणजे रस्त्यावर चालवायला जुनी एसटी हा विषय संपला. शाळा, कारखाने आणि खासगी वाहतूकदार यांच्याकडच्या बस बघा.

चालत्या गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं: आरसीवर लिहिलेल्या गोष्टींशी मेळ न खाणारा बदल चालत नाही. सीट काढणं हाही बदलच. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीचा वेगळा वर्ग आहे आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. तेव्हा आधी आराखडा घेऊन आरटीओत जा, मग पान्याला हात लावा. उलट क्रम केला तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न सीटचाच विचारते.

बस कायमची उभी करणार असाल तर कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर बागेत कोंबड्या बसलेल्या गाडीचा कर वाढत राहतो. शिवाय समुद्रकाठची जागा असेल तर भरतीरेषेपासूनचं अंतर मोजा आणि सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची, चौकशी आधी करा. चाकं आहेत म्हणजे बांधकाम नव्हे, असं गृहीत धरू नका.

बघायला जाताना हातोडी न्या

रंग बघू नका, रंग सगळ्यांचाच ताजा असतो. अर्धा किलोची हातोडी, जाड पेचकस, टॉर्च आणि लोहचुंबक एवढं न्या. चुंबक जिथे चिकटायला हवा तिथे चिकटला नाही, तर पत्र्याच्या जागी लांबी (पुट्टी) भरली आहे असं समजा. गाडीखाली जाऊन फरशीखालच्या आडव्या पट्ट्यांवर हातोडी मारत चला. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. कुजलेलं बद्द वाजतं आणि खपल्या पडतात. चाकांच्या कमानी, दाराचं पायदान, बॅटरीची पेटी आणि सगळ्यात मागचा आडवा पट्टा या चार जागा आधी जातात. आडव्या पट्ट्यांत दोन-तीन बाद असतील तर वेल्डिंगने काम भागतं. पण मुख्य चॅसिसच्या लांब पट्ट्यात पेचकस घुसला तर चहा प्या आणि घरी या.

खिडकीखालची जागा मात्र बारकाईने बघा. सरकत्या काचेच्या खालच्या खाचेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. वर्षानुवर्षं त्यात माती, तिकिटांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या बसतात. भोक बुजलं की खाच पन्हाळीसारखी भरते, पाणी आतल्या काठावरून उतरतं आणि बाजूच्या दुहेरी पत्र्यांच्या मध्ये साठतं. बाहेरून काही दिसत नाही. खिडकीखालच्या आतल्या पत्र्याचे दोन रिबिट काढून टॉर्च मारा. विकणारा काढू देत नसेल तर तेही उत्तरच आहे. बस घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ही भोकं ५ मिलिमीटरच्या ड्रिलने मोकळी करणं. दर मे महिन्यात तारेने पुन्हा साफ करायची.

गंज: अर्धं काम इथेच आहे

कोकणात बसचं घर करणं म्हणजे सुतारकाम, असा समज घेऊन लोक येतात. सुतारकाम पंधरा दिवसांचं आहे. खरं काम खार आणि पाणी यांना अडवण्याचं, आणि ते फर्निचरच्या आधी करायचं असतं, कारण नंतर तिथे हात पोचत नाही.

सीट, फरशीचं प्लाय आणि आतले पत्रे काढून सांगाडा उघडा करा. मग धुणं. पत्र्यावर खार राहिला आणि वर रंग बसला, तर तो खार रंगातून ओल ओढून घेतो आणि वर्षभरात फोड येतात. म्हणून आतून-खालून दोनदा गोड्या पाण्याने प्रेशर मारून धुवायचं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर टँकर मागवा. मचूळ पाण्याने धुणं म्हणजे मीठ लावणंच.

वाळल्यावर ग्राइंडरला तारेचा कप लावून गंज उतरवा, धातू चमकेपर्यंत. जिथे ग्राइंडर जात नाही त्या कोपऱ्यांतच फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर वापरा आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणे ते पुसून किंवा धुऊन पूर्ण वाळू द्या. ओलसर आम्लावर इपॉक्सी धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यायचे. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्यावर केशरी धूळ असते आणि पुन्हा घासावं लागतं.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा आणि दिवसात सकाळी ११ ते दुपारी ४. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग मारू नये. संध्याकाळी पत्रा हवेच्या आधी गार होतो, त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं आणि रंग त्या पाण्यावर बसतो.

ठिगळ लावताना आडव्या पट्ट्याला ३ मिलिमीटर आणि फरशीला १६ गेजचा पत्रा पुरतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात. अर्थिंगचा चिमटा ठिगळाच्या जवळच लावायचा. डिझेलच्या टाकीजवळचं काम टाकी उतरवल्याशिवाय करायचं नाही, वेल्डर कितीही अनुभवी असला तरी.

बंद चौकोनी पाइपच्या आत ८ मिलिमीटरचं भोक पाडून मेणासारखं कॅव्हिटी वॅक्स फवारा. जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे, लोखंडापुरती वाईटही नाही, पण ते रबरी बुशवर आणि ब्रेकच्या होजवर गेलं की रबर फुगून कुजतं.

ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी सांगाड्यावर थेट बसवू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारी ओल, की बॅटरी तयार झाली, आणि त्यात ॲल्युमिनियमची पांढरी पूड होते. मध्ये ब्यूटाइल टेप द्या, रिबिट ॲल्युमिनियमचेच घ्या.

छप्पर

किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा नैऋत्येकडून तिरका येतो. बसचं छप्पर सरळ पावसासाठी ठीक असतं, झड मात्र जोडांतून आत येते. प्रत्येक जोडाची जुनी लांबी खरवडून पीयू (पॉलियुरेथेन) सिलंट भरा. साधं सिलिकॉन वापरू नका: लावताना ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं, पत्रा खातं, आणि त्यावर पुढे रंगही धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मागताना स्पष्ट ‘पीयू’ म्हणा, कारण नुसतं ‘सिलंट’ मागितलं की सिलिकॉनच हातात येतं.

मग पाण्याची परीक्षा. आत एक माणूस टॉर्च घेऊन, बाहेर एकाने होजने वीस मिनिटं पाणी मारायचं, खालून सुरुवात करून वर. वरून सुरू केलं तर पाणी कुठल्या जोडातून आलं ते कळत नाही. ही परीक्षा झाल्याशिवाय आतलं एकही प्लाय ठोकायचं नाही.

आतून उष्णता अडवायला ग्लासवूल नको, ते इथल्या हवेत ओल धरून बसतं. १९ मिलिमीटरचा बंद पेशींचा काळा नायट्राइल फोम पत्र्याला थेट चिकटवा आणि वरून छपराला पांढरा उष्णतारोधक रंग द्या. प्लाय आयएस ७१० चं मरीन. ८ बाय ४ ची १२ मिलिमीटरची शीट २० किलोच्या वर भरते, १९ ची ३५ च्या वर. कपाटांना १२ पुरतं.

वीज

मोठ्या बसला २४ व्होल्ट असतात, दोन बॅटऱ्या मालिकेत जोडलेल्या. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट काढून पंखा लावायचा, हा प्रत्येक वायरमनचा लाडका शॉर्टकट. त्यात एक बॅटरी रोज उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. घराची बॅटरी वेगळीच ठेवा.

हिशोब असा: ३० वॅटचे दोन डीसी पंखे १० तास म्हणजे ६०० वॅटतास. ५ वॅटचे पाच दिवे ५ तास, १२५. ४५ वॅटचा छोटा फ्रिज अर्धा दिवस चालू, ५४०. मोबाइल-लॅपटॉप १५०. रोज सुमारे १४००. १२.८ व्होल्ट, २०० अँपियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २५६० वॅटतास धरते आणि त्यातले २००० सहज वापरता येतात. १५० अँपियर-तासाच्या ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तसल्या शिशाच्या बॅटरीत १८०० असले तरी निम्मेच वापरायचे, म्हणजे एका दिवसालाही पुरत नाहीत, आणि ती उचलायला दोन माणसं लागतात. ४०० वॅटचं सोलर ऑक्टोबर ते मे दिवसाला दीड युनिटच्या (१५०० वॅटतास) आसपास देतं. जुलैत त्यावर विसंबू नका. उभ्या बसला घरातून चार्जरची लाइन ओढा, चालतीला अल्टरनेटरवर डीसी-डीसी चार्जर बसवा. पॅनेलवर माकडं उड्या मारतात. फ्रेमखाली मधोमध एक आधार द्या.

तार कलई केलेल्या तांब्याचीच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत टोकापासून आत हिरवं होत जातं. ५० अँपियर ५ मीटरवर न्यायचे तर २५ चौरस मिलिमीटरची तार लागते. १६ ची घातली तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. इंडक्शनचा विचार सोडा: २००० वॅटला १२ व्होल्टवर १६० अँपियरच्या वर लागतात. ५ किलोचा गॅस सिलिंडर ठेवा, पण स्वतंत्र पेटीत, आणि त्या पेटीच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो.

उभ्या बसचा पाया

टायरवर उभी ठेवू नका. हवा जाते, बस एका बाजूला कलते, दारं अडकतात. स्प्रिंग जिथे चॅसिसला जोडली आहे त्या जागांखाली जांभ्या चिऱ्याचे खांब उभारा. जांभा पाणी शोषतो, म्हणून चिरा आणि लोखंड यांच्यामध्ये जुन्या टायरचा तुकडा घालायचा. खालून वारा वाहायला दोन फूट मोकळं ठेवा आणि मागच्या बाजूला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. खांबांवरून वाळवीची मातीची नळी चढते का, ते महिन्यातून एकदा बघायचं.

वरून पत्र्याचा किंवा नळ्यांचा मांडव घाला, चारही बाजूंनी दोन फूट बाहेर काढलेला, म्हणजे पागोळ्या बसच्या अंगावर पडत नाहीत. छत्रीवर छत्री म्हणून लोक हसतील. मांडवाखालची बस आणि उघडी बस तीन पावसाळ्यांनी शेजारी ठेवा, हसणारेच मांडवाचा खर्च विचारतात.

चालती असेल तर

सात मीटरच्या आतलीच घ्या. गुहागर, वेळणेश्वर, हरिहरेश्वरकडच्या वाटांवर एसटी जाते हे खरं, पण एसटीचा ड्रायव्हर तो रस्ता रोज चालवतो. पाण्याची २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो. ती मागच्या टोकाला न ठेवता दोन्ही ॲक्सलच्या मध्ये बसवा. काम पुरं झाल्यावर टाकी भरून वजनकाट्यावर न्या आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. साकवांवर वजनाची पाटी असते, ती वाचा. एअर ब्रेक असतील तर दर आठवड्याला टाकीचा ड्रेन ओढून पाणी काढायचं. दमट हवेत ते कपभर सहज निघतं आणि आंबोली घाटाच्या उतारावर त्याची आठवण व्हायला नको.

दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला अशा फेरीबोटींवर बस चढवताना मागच्या चाकापासून मागे लोंबणारा भाग आडवा येतो. ओहोटीला बोट खाली असते, धक्का आणि फळी यांच्यामध्ये कोन तयार होतो आणि शेपूट घासतं. तिथेच टाकीचा नळ आणि सायलेन्सर लावलेला असतो. म्हणून शेपटाखाली काहीही बसवू नका, आणि तिकीट काढायच्या आधी खाली उतरून भरतीची वेळ विचारा. बोटीवरचा माणूस गाडीकडे एक नजर टाकून सांगतो: आता घाला, नाहीतर दोन तास थांबा.