मंडळीनं गावाच्या उपयोगी कसं पडावं

नाताळच्या आठवड्यात खानदेशातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात चक्कर मारा. एकेका खाटेवर दोन-तीन ठिकाणांहून आलेली केळी पडलेली दिसतील. रावेर-यावलसारख्या केळीच्या आगरात केळी वाटायची म्हणजे कमालच! त्यात कुणाला शुगर, कुणाचं तोंडानं खाणं बंद. केळं मात्र सगळ्यांना. फोटो निघतो, प्रार्थना होते, आणि २ जानेवारीला त्याच वॉर्डात चर्चच्या मंडळीचं कुणी फिरकत नाही.

हेतूत खोट नसते, पण गावाच्या उपयोगी पडायचं असेल तर एक साधं काम धरून ते वर्षभर चालवावं लागतं. ते कसं उभं करायचं, ते इथे लिहितो. डोळ्यांसमोर तीस-चाळीस घरांची मंडळी आहे. भुसावळ-जळगावातलं जुनं चर्च असो की नवापूरकडच्या पाड्यावरचं पत्र्याच्या छपराचं, पद्धत तीच.

पहिली पायरी: आधी माणसं मोजा

कमिटीच्या बैठकीत सेवेचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘फंड किती आहे?’ तो बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि उपासनेनंतर घरटी विचारा: कुणाकडे काय येतं आणि कोण किती वेळ देईल? मंडळीत एखादी नर्सबाई निघतेच. रिटायर झालेले गुरुजी असतात, रेल्वेतून निवृत्त झालेला कुणी असतो, शिवणकाम करणारी ताई असते, कुणाच्या दारात छोटा हत्ती टेम्पो उभा असतो. शिवाय चर्चची मोठी पातेली, सतरंज्या आणि खुर्च्या आठवड्यातले सहा दिवस पडूनच असतात.

वेळ नेमकेपणानं लिहून घ्या. ‘जमेल तेव्हा येतो’ म्हणणाऱ्याचं नाव वेगळ्या पानावर. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण मोकळं असतं आणि लग्नसराईत कोण, हेही त्याच वहीत.

दुसरी पायरी: गावाला विचारा

मंडळीनं आपसांत बसून गावाची गरज ठरवली की हमखास ब्लँकेट वाटप ठरतं. म्हणून आशाताईंकडे जा, अंगणवाडीच्या ताईंकडे जा, शाळेत जा, सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा. दोघांनी जावं, एक बाई नि एक पुरुष. ‘आम्ही काय करू?’ असं विचारलं तर समोरचा भिडेखातर ‘काहीही करा’ म्हणेल. त्यापेक्षा विचारा: ‘ताई, तुमचं कुठलं काम माणूस नाही म्हणून अडतं?’ यावर खरं उत्तर मिळतं, तेही वहीत लिहा. अमक्या आजीला तालुक्याला न्यायला कुणी नाही. तमकी मुलं ऊसतोडीहून आली की शाळेत बसतच नाहीत. क्षयाचा एक पेशंट गोळ्या मधेच सोडतो.

आणि त्यांच्या बोलीत बोला. अहिराणी पट्ट्यात ‘काय व्हयनं माय?’ म्हटलं की म्हातारी जे सांगते, ते पुस्तकी मराठीत विचारून सांगत नाही. सातपुड्याकडे जाणार असाल तर भिलोरी किंवा पावरी बोलणारा माणूस सोबत हवाच.

तिसरी पायरी: एकच काम निवडा

खाली आपल्या भागात चालण्यासारखी कामं देतो. यातलं एकच घ्या. दोन घेतली की दोन्ही अर्धवट राहतात.

कागदपत्रांची सोबत. माझं मत विचाराल तर लहान मंडळीनं इथूनच सुरुवात करावी, कारण यात पैसा जवळजवळ लागत नाही. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत निराधार बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. खेड्यातल्या एकट्या बाईला ते फार मोठे असतात. पण ते मिळवायला उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेलं खातं, तहसीलची फेरी आणि दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. मंडळीतल्या गुरुजींनी एका आजीबरोबर एक दिवस घालवला तरी अडलेलं काम सुटतं. बँकेत काय होतं ते पाहिलंय का? निंदणी-खुरपणीत आयुष्य गेलेल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र अंगठा घेत नाही. आजी पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा लाल दिवा. मागची रांग कुरकुरायला लागते आणि आजी ‘जाऊ दे बाबा’ म्हणत उठते. तिथे सोबतच्या माणसानं दुसरी बोटं लावून बघायची, डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या ओळखीची सोय आहे का ते विचारायचं, नाहीतर आधार केंद्रावर ठसे नव्यानं द्यायला न्यायचं. दोन नियम मात्र पक्के: आजीचं पासबुक, आधार कार्ड किंवा ओटीपी आपल्याकडे ठेवायचं नाही, आणि पैसे आपल्या हातानं काढायचे नाहीत.

क्षयरोग्याला आहार. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये निक्षय मित्र योजना सुरू केली. तीत कुणीही व्यक्ती किंवा संस्था नाव नोंदवून रोग्याला किमान सहा महिने दरमहा शिधा देऊ शकते: धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे किंवा दूध पावडर. सरकारकडून रोग्याला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. साध्या क्षयाचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा, त्यामुळे मंडळीला कामाची मुदत आपोआप मिळते. नोंदणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत करा. रोग्याची संमती घ्या, आणि त्याचं नाव चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा वाचू नका. प्रार्थनेच्या यादीतून बातमी गावभर कशी जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यापायी एखाद्या मुलीचं लग्न मोडू शकतं.

सिकलसेलची तपासणी. नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळे-जळगावच्या आदिवासी पट्ट्यात आई-बापांकडून येणारा हा रक्ताचा आजार घराघरांत आहे. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून कुणी तपासत नाही. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. मंडळीला इथे असं एक काम करता येतं जे दवाखान्याला जमत नाही. लग्न ठरवायला घरचे पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, येतात, तेव्हाच मुला-मुलीची तपासणी झाली का ते विचारायचं. साखरपुडा झाल्यावर विचारून उपयोग नाही. पत्रिका जुळवण्याची पद्धत आपल्यात नाही, पण रक्ताची ही चिठ्ठी जुळवायलाच हवी. शिबिर घ्यायचं तर आरोग्य केंद्राला सांगून त्यांच्या लोकांकडून घ्या आणि गावातल्या सगळ्यांसाठी घ्या. नवापूर तालुक्यातल्या मंडळ्यांना चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय जवळ आहे, तिथेही सल्ला घेता येईल.

सिव्हिलमधल्या नातेवाइकांचं जेवण. धुळ्याच्या किंवा जळगावच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात रोग्याला आतून जेवण मिळतं. पण अक्कलकुवा-धडगावहून ‘धुळ्याला न्या’ म्हणून पाठवलेल्या पेशंटबरोबर आलेला बाप आवारात चादर टाकून झोपतो आणि चहा-बिस्किटावर दिवस काढतो. त्याच्यासाठी आठवड्यातून एक ठरलेला वार धरा. दादर ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, बस. रोग्याला काही देऊ नका, त्याचं पथ्य डॉक्टर ठरवतात. अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. मे महिन्यात वरण दुपारपर्यंत आंबतं, तेव्हा सकाळी शिजवून संध्याकाळी वाटायचं नाही.

पाणपोई. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. मातीचे रांजण, भोवती ओलं गोणपाट, झाकण, आणि लांब दांड्याचं ओगराळं. लोक हात बुडवणार नाहीत एवढं बघायचं. रांजण रोज घासायचे. उद्घाटनाला सगळे असतात, रांजण घासायला कोण, ते आधी ठरवा. शेजारी जलसंजीवनीची सोय ठेवा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कुणी बरळायला लागलं, अंग तापून चटके बसायला लागले, तर सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

मुलांचा अभ्यास हेही चांगलं काम आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातकडे कामाला कुटुंबं जातात, मुलंही जातात. निघण्यापूर्वी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. परतल्यावर चर्चच्या ओट्यावर तासभर शिकवणी. शिकवायला नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं. ही अट पाळकांनाही लागू.

चौथी पायरी: जबाबदारी वाटा

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून बघा. विधवांच्या रोजच्या वाटपात एका गटाच्या बायकांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःच्या गळ्यात घेतलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. आपल्याकडे उलटं. सगळं पाळकसाहेबांवर, आणि त्यांची बदली झाली की काम बंद. पाच जण पुरे. त्यात तरुण संघाचे दोघं आणि महिला मंडळाच्या दोघी तरी हव्यात. वही एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे. नवरा-बायकोंकडे दोन्ही देऊ नका, भांडणं तिथूनच निघतात.

पाचवी पायरी: पैसा

इथल्या इथे उभा राहील तेवढाच खर्च ठरवा. महिन्यातल्या एका रविवारचं दानार्पण या कामाला राखून ठेवा. घरोघर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायची सवय लावता येते. हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावात एका कोंबड्याला हजार रुपये येतात, तो लिलाव या कामासाठीही होऊ द्या. पावती फाडा, जमा-खर्च महिन्याला फळ्यावर लावा. परदेशातून कुणी ओळखीनं पैसे पाठवतो म्हणाला तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए २०१०) नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर तर नाहीच.

सहावी पायरी: संशयाचं काय करायचं

यावर मंडळीत दबक्या आवाजात बोललं जातं, मी उघड लिहितो. ख्रिस्ती माणसं काही वाटायला आली की गावात कुणाच्या तरी मनात येतंच: हे धर्मांतरासाठी तर नाही? नुसतं रागावून त्यावर इलाज होत नाही. कामाची रीतच अशी ठेवा की बोट ठेवायला जागा राहू नये.

ग्रामपंचायतीला आधी पत्र द्या: काय करणार, कुठे, कोणत्या वारी, कोण कोण. लाभार्थ्यांची यादी आशाताईंना किंवा शाळेला करू द्या. मंडळीतल्यांचीच नावं त्यात भरायची नाहीत. डब्यात पत्रक नको, शिध्याच्या पिशवीवर वचन नको, वाटपाआधी प्रार्थनेला उभं करणं नको. प्रार्थना करायची तर चर्चमधून निघण्यापूर्वी करा. कुणी आपणहून विचारलं, ‘जिभाऊ, तुम्ही हे कशासाठी करता?’ तर सरळ सांगा. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क संविधानाच्या २५ व्या कलमात आहेच, लपवण्यासारखं काही नाही. पण भुकेल्याच्या हातात ताट आणि पत्रक एकदम दिलं, की ‘नको’ म्हणायचा त्याचा हक्क आपण काढून घेतो. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या येशूच्या गोष्टीत परक्या समाजाच्या शोमरोन्यानं जखमी माणसाला तेल-द्राक्षारस लावला, उतारशाळेत नेलं, पैसे भरले. त्याला उपदेश केल्याचं कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट, एकट्यानं करू नका. पाणपोईला गणपती मंडळाची पोरं बोलवा, मोहल्ल्यातल्या तरुणांना बोलवा. रांजणावर चर्चचं नाव नसलं तरी पाणी गारच राहतं.

फोटोचाही प्रश्न इथलाच. उजवा हात दान देतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वचन आपल्याला पाठ आहे, तरी हात मोबाइलकडे जातोच. घेणाऱ्याचा चेहरा नको, मुलांचा तर नकोच. हिशेबाला पुरावा हवा असेल तर पातेल्यांचा काढा.

सातवी पायरी: तीन महिन्यांनी वही उघडा

सुरुवात जूनमध्ये शाळा उघडताना करा, नाहीतर दिवाळीनंतर. मे महिन्यात लग्नं असतात, तेव्हा कुणी फिरकत नाही. तीन महिन्यांनी पाचही जणांनी वही घेऊन बसायचं आणि त्या बैठकीला आशाताईंना किंवा गुरुजींना बोलवायचं. किती वाटलं हे कमी विचारा. किती वेळा ठरल्या वारी गेलो नाही, ते आधी विचारा. दवाखान्याबाहेर बसलेला माणूस गुरुवारी भाकरी येते म्हणून थांबलेला असतो. मंडळीतलं लग्न आहे म्हणून त्या दिवशी खाडा झाला तर त्याला ते कळायला मार्ग नाही, म्हणून पर्यायी दोन नावं प्रत्येक वारापुढे लिहून ठेवा.

काम झेपत नसेल तर आठवड्याऐवजी पंधरवड्यावर आणा, पण तसं दवाखान्यात आणि गावात आधी सांगा. आणि सरकारी सोय सुरू झाली, किंवा आजीचा नातू तिला बँकेत न्यायला लागला, तर ते काम सोडून द्या. वहीतलं पुढचं नाव घ्या.